वाचकांचे प्रश्न : नंबर कुठला, रंग कुठला?

प्रश्न : नमस्कार, मी मिरजेचा. एचओ स्केलचं (खऱ्याच्या 1/87 आकाराचं) डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाचं रेडीमेड मॉडेल घेतलंय. छापील नंबर काढून 17800 टाकायचाय आणि पुणे शेडचा (जिथे इंजिनांची देखभाल होते) रंग द्यायचाय, लहानपणी महालक्ष्मी एक्सप्रेसला पुण्याचंच अल्को (म्हणजे हेच डब्ल्यूडीएम-2) बघितलंय ना. पुणे शेडचा नेमका रंग कोणता ते सांगाल का?

उत्तर : आधी त्या 17800 चं बघू. 17722 ते 17892 हा टप्पा जम्बोंचा. 1978-79 च्या सुमाराची ही अल्को, शॉर्ट हूड (कॅबपुढचं आखूड नाक) पार कॅबएवढा रुंद आणि पुढच्या काचा मोठ्या. तुमचं मॉडेल नेहमीच्या अरुंद नाकाचं असेल तर त्यावर हा नंबर टाकू नका, जाणकार माणूस दारातूनच हसेल. नंबराच्या शेवटी R लावायचा मोह होतो तोही आवरा, R म्हणजे लोको (इंजिन) पतियाळाच्या रेल्वे कारखान्यात जाऊन रिबिल्ड होऊन आलंय, मग त्याच्यावर सत्तरच्या दशकातला रंग कसा चालेल?

आता रंग. 'पुणे शेडचा रंग' असा एक डबा कुठल्याच दुकानात मिळत नाही हो. शेडवाले आपापल्या पद्धतीने रंगवायचे, काही वर्षांनी बदलायचे, आणि लोको एका शेडमधून दुसरीकडे बदलीवर जायचं ते वेगळंच. म्हणून मी उलटं करतो, आधी एक फोटो पकडतो ज्यात नंबर वाचता येतो, शेडचं नाव दिसतं आणि साल माहीत आहे, आणि मग नंबर, पट्टे, हेडलाइट सगळं त्या एकाच फोटोतून घेतो, दोन फोटोंची खिचडी नाही. पुष्कळ जण 18040 लावतात, ते दिल्लीच्या रेल म्युझियममध्ये उभं आहे म्हणून फोटो पटकन मिळतो, पण उभं करून ठेवलेल्या लोकोचा रंग म्हणजे लाइनवरचा रंग नव्हे.

फोटोही फसवतो. जुनी प्रिंट पिवळी पडलेली असते, संध्याकाळच्या उन्हात लाल रंग नारिंगी दिसतो. प्लॅस्टिकच्या चमच्यावर आधी प्रायमर मग रंग मारा, दिवसा खिडकीत बघा, रात्री लेआउटच्या (मॉडेलच्या रुळांच्या मांडणीवरच्या) ट्यूबलाइटखाली बघा. छोट्या मॉडेलवर तोच रंग गडद वाटतो म्हणून थेंबभर पांढरा मिसळा. छतावर मात्र हात राखू नका, अल्कोच्या धुराने ते काळंच असायचं.

(आणि कोणी मिलिमीटरवरून वाद घातला तर सांगा की आपलं 1676 मिमीचं ब्रॉडगेज 1:87 मध्ये 19.3 मिमी होतं आणि आपण ते 16.5 च्या रुळावर चालवतो!)

प्रश्न : छापील नंबर काढायचा कसा? – नाशिकहून

उत्तर : इअरबडवर आयसोप्रोपाइल अल्कोहोल घेऊन हळूहळू. आधी आतल्या बाजूला कुठेतरी ट्राय करा, मी घाईत एका कॅबचा रंगच उडवलाय. नवीन डिकॅलखाली (नंबराच्या पातळ चिकटचित्राखाली) ग्लॉसचा म्हणजे चकचकीत व्हार्निशचा हात हवाच, नाहीतर कडेने चंदेरी हवा दिसते. मॅट व्हार्निश सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मी लीड्सला असतो. इथे सेकंडहँड निळं डेल्टिक (ब्रिटिश रेल्वेचं डिझेल इंजिन) मॉडेल मिळालं, 55000 नंबर टाकू का?

उत्तर : 55000 नावाचं डेल्टिक कधी नव्हतंच. एकूण 22 होती, D9000 ते D9021. सत्तरच्या दशकात कॉम्प्युटरसाठी नवे नंबर आले तेव्हा शेवटी 000 चालत नव्हता, म्हणून D9000 ला 55022 मिळाला, बाकीची 55001 ते 55021. निळा रंग 1966 पासूनचा, म्हणजे निळ्यावर जुना नंबरही चालतो, फक्त साल ठरवा. हिरव्यावर 55 चा नंबर एरवी चूकच, अपवाद 55002 चा, ते 1980 च्या शेवटी यॉर्कच्या रेल्वे म्युझियमच्या पुढाकाराने परत हिरवं झालं. तुमच्या मॉडेलला कॅबच्या खिडक्यांभोवती पांढरी चौकट असेल तर मग लंडनच्या फिन्सबरी पार्क शेडच्या, 1979 च्या सुमाराच्याच एखाद्या डेल्टिकचं नाव बघा.