‘सेव्हन’ची प्रिंट बघायला जाताना

लंडनला पोचल्या पोचल्या प्रिन्स चार्ल्स सिनेमा या थिएटरात ‘सेव्हन’ (१९९५) हा चित्रपट बघायला निघालास, झकास! लेस्टर स्क्वेअरला लागूनच आहे ते, सापडेल पटकन. फक्त तिकीट काढण्याआधी खेळापुढे ३५ मि.मी. (म्हणजे खऱ्या फिल्मच्या रिळावरून) लिहिलंय की डिजिटल, एवढं बघ. दोन्ही असतात तिथे.

या सिनेमासाठी मी तरी प्रिंटच, म्हणजे फिल्मवरची प्रतच, निवडेन. डेरियस खोंजीचं छायाचित्रण आहे, आणि तेव्हा काही मोजक्या प्रिंट्सवर ‘ब्लीच बायपास’ केलं होतं. म्हणजे फिल्म धुताना एरवी निघून जाणारी चांदी तिच्यावर राहू दिली. त्यामुळे काळा रंग असा गडद होतो की कोपऱ्यातल्या अंधारात कोणी उभं आहे असं वाटत राहतं. अर्थात तशीच प्रिंट तुझ्या वाट्याला येईल, याची खात्री नाही. साधी आली तरी रुसू नकोस.

मधेच पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपका चमकला, तर तो दोष समजू नकोस. रीळ बदलायची खूण असते ती.

उशीर मात्र अजिबात नको. काइल कूपरची सुरुवातीची नामावली हाताने खरवडलेल्या अक्षरांची आहे, ती चुकली तर अर्धी मजा गेली. कथा आधी वाचू नकोस, आणि शेजाऱ्याला तर मुळीच विचारू नकोस. दिवे लागले तरी बसून राहा. शेवटची नामावली उलटी, वरून खाली सरकते.