ख्रिस्ती माणसं संकटातही देवाचे आभार मानतात, ते मनापासून असतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ऑफिसातल्या ख्रिस्ती सहकारी बाईंचा तरुण मुलगा अपघातानंतर अंथरुणाला खिळलाय आणि तरी त्या रोज "प्रभूची स्तुती असो" म्हणतात. हे आतून येतं की लहानपणापासून घोकलेलं असतं? त्याला जोडून तुम्ही आणखी एक विचारलंय, आणि ते जास्त टोचणारं आहे. ज्यांचे डोळे स्वर्गाकडे लागलेत त्यांना इथल्या दुःखाचं काही वाटतं तरी का?

मी नागपूरची. परिचारिका होते, आता निवृत्त आहे. माहेर-सासर दोन्हीकडे पिढ्यान्‌पिढ्या ख्रिस्ती. तुमच्या सहकारी बाईंच्या मनात काय आहे ते मी कसं सांगणार? पण तेच शब्द आमच्या घरात फार कठीण दिवसांत बोलले गेलेत, त्यामुळे उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी एक सांगते, कारण आमच्यातलेही पुष्कळ लोक इथे घोटाळा करतात. मुलाचा अपघात झाला ही चांगली गोष्ट झाली असं मानायला कुणीही सांगितलेलं नाही. येशूचा प्रेषित पौल याने थेस्सलनीकाच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती लोकांना, लिहिलं, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." लिहिणारा काही गादीवर लोळत नव्हता. फटके, दगडफेक, जहाज फुटणं, उपासमार, सगळं भोगून झालं होतं किंवा पुढे भोगायचं होतं. करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात त्याने त्याची यादीच दिलीय. फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेलं, आनंदाने भरलेलं पत्र तर कैदेतलं आहे. आणि याच पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलात, स्तोत्रसंहिता आहे. "हे परमेश्वरा, किती वेळ? तू मला सर्वकाळ विसरणार का?" असं देवाला तोंडावर विचारणारी स्तोत्रं तिच्यात आहेत. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. ती स्तोत्रं कुणी गाळलेली नाहीत. आपला मित्र लाजर याच्या कबरेपाशी येशू रडला, आणि तेही त्याला आता मेलेल्यांतून उठवणार हे माहीत असताना. म्हणून मातीच्या वेळी एखादीच्या खांद्यावर हात ठेवून "रडू नको ताई, ते प्रभूजवळ गेले" असं कुणी म्हणालं की मला राग येतो. ते प्रभूजवळ गेले हे खरंच आहे. तिच्याजवळून गेले हेही तितकंच खरं आहे.

आता आमच्या घरचं. माझ्या यजमानांना तोंडाचा कॅन्सर झाला. कारण खर्रा. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते, आमच्याकडे पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घासून देतात, त्याला खर्रा म्हणतात, आणि विदर्भात तो चहाइतक्या सहजपणे खाल्ला जातो. देवाने हा आजार दिला असं आमच्या घरात कुणीही, कधीही म्हटलं नाही. खर्ऱ्याने दिला. ऑपरेशनमध्ये जबड्याचा एक भाग काढला, मग दीड महिना शेक, म्हणजे रेडिएशन. तोंडभर फोड, लाळ सुकलेली, नाकातून नळी. डाळीचं पाणी मिक्सरमधून काढून, दोनदा गाळून, मोठ्या सिरिंजने हळूहळू सोडायचं आणि शेवटी साध्या पाण्याने नळी धुवायची. हे काम मी वॉर्डात असंख्य वेळा केलेलं. घरच्या माणसासाठी करताना हात वेगळा पडतो.

बोलता येत नव्हतं म्हणून त्यांना एक वही दिली होती. तिच्यात "पंखा बंद कर" असायचं, "उशी" असायचं, आणि प्रार्थनाही त्याच पानांवर, कारण आवाजच नव्हता. ती वही माझ्याकडे आहे. एका पानावर लिहिलंय, "दोन चमचे पाणी गेलं. प्रभू तुझे उपकार. घसा जळून राहिला." तिन्ही वाक्यं एकाखाली एक. जळणं लपवलेलं नाही आणि पाणी विसरलेलं नाही. आणखी पुढे एका रात्रीचं, अक्षर पार वाकडं झालेलं: "मले नाही जमत आता. तूच पाह्य."

तुम्ही विचारता ते मनापासून असतं का, तर माझ्यासाठी त्याचं उत्तर या दोन पानांत आहे. उपकारस्तुती म्हणजे दुःखावर रंगाचा हात मारणं असतं, तर दुसरं पान लिहिलंच गेलं नसतं. ज्याच्याशी बोलायचं तो ऐकतोय एवढी खात्री असली की माणूस त्याला पाण्याचंही सांगतो आणि जळण्याचंही सांगतो. बोलणं तुटलं नाही पाहिजे, एवढंच ते धरून होते.

आणखी एक गोष्ट मी बघितली. आभार मानायचे म्हटलं की आधी नजर लागते. वॉर्ड झाडणाऱ्या मावशींचं नाव यजमानांना पहिल्या आठवड्यातच माहीत झालं होतं, त्यांच्या मुलीच्या बारावीच्या पेपरांसह. मी इतकी वर्षं वॉर्डात काढली; असे पेशंट क्वचितच भेटतात. देवाचे आभार मानणारा माणूस आजूबाजूच्यांचे आभार मानायला विसरत असेल, तर त्याच्या स्तुतीबद्दल मलाही शंका येईल. तुमच्या सहकारी बाई तशा वाटत नाहीत, कारण तुम्हीच लिहिलंय की मुलाला भेटायला गेलेल्या प्रत्येकाला त्या दाराशी येऊन निरोप देतात.

भरवशाबद्दल थोडं कडक बोलते. भरवसा म्हणजे औषध सोडणं असं शिकवणारे उपदेशक आहेत, आमच्या गावातही येतात. डायबेटिसची गोळी बंद करून प्रार्थनेवर राहिलेले लोक पायाला गँगरीन घेऊन आलेले मी पाहिलेत. याला विश्वास म्हणू नका. नव्या करारात लूक वैद्य आहे, पौल त्याला "प्रिय वैद्य" म्हणतो. इथे सीताबर्डीवर मूर मेमोरियल हॉस्पिटल आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी स्कॉटिश मिशनने ते स्त्रियांसाठी सुरू केलं, कारण पुरुष डॉक्टरला नाडी दाखवायलाही बायका तयार नव्हत्या. ती माणसं गुडघ्यावर प्रार्थना करायची आणि उठून जखमा धुवायची.

येशूने उद्याची चिंता करू नका म्हटलं, पण उद्या संकट येणार नाही असं वचन दिलेलं नाही. उलट "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" म्हणाला, म्हणजे दुःख रोजचं आहे हे धरूनच. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागायची ती आजची. रानात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने दिलेलं अन्न, मिळायचा तो एका दिवसापुरता, सकाळपर्यंत ठेवला तर किडे पडायचे. शेकाच्या दिवसांत आम्ही याच हिशेबाने जगलो. आजचं फीड, आजची गोळी, आजचं बिल. पुढच्या स्कॅनमध्ये काय निघेल ते देवाकडे. झोप लागायची का? कधी लागायची, कधी नाही.

ते बरे होत आले तेव्हाची एक आठवण सांगायलाच हवी. सुगीच्या दिवसांत आमच्या मंडळीत आभाराची उपासना होते. ज्याच्याकडे जे पिकतं ते तो वेदीपाशी आणून ठेवतो: तूर, वांगी, कोहळं, तांदूळ, केळीचा घड, पाय बांधलेली गावरान कोंबडी. उपासना झाली की आवारात त्याचाच लिलाव. यजमानांनी एक डझन संत्र्यांवर बोली लावली आणि चढवतच नेली. बाजारात तेवढ्या पैशांत अख्खी पेटी आली असती. बोलणारे सगळे थांबले, तरी यांनी हात वर करून स्वतःच्याच बोलीवर आणखी चढवलं. गंमत म्हणजे त्यांना संत्रं चालत नव्हतं, आंबट लागलं की तोंडाची आग व्हायची. सगळी संत्री त्यांनी रविवारच्या शाळेतल्या पोरांना वाटली आणि पोरं खाताना बघत बसले. पुढे काही वर्षांनी आजार परतला आणि ते गेले.

आता तुमचा स्वर्गाचा प्रश्न. तुम्हाला वाटतं की सार्वकालिक जीवनावर विश्वास ठेवणारा माणूस या जगाकडे प्रतीक्षालयासारखं बघत असेल. मला नागपुरातलंच उदाहरण आठवतं. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली इथे आला. सुवार्ता सांगणं, शाळा चालवणं हे त्याचं काम. पण मोकळ्या वेळात हा माणूस नागपूरच्या आसपासचे दगड उकरायचा. टाकळीच्या परिसरात त्याने प्राचीन जीवांचे आणि वनस्पतींचे अश्मावशेष गोळा केले, त्यांवर लिहिलं. एका खनिजाला त्याच्या नावावरून हिस्लोपाइट म्हणतात. गोंड लोकांच्या कथा-गाणी त्याने टिपून ठेवली, ती त्याच्या मृत्यूनंतर छापली गेली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटची जुनी शिलावर्तुळं बघून रात्री घोड्यावरून परतताना पूर आलेल्या नाल्यात तो बुडाला. त्याच्या नावाचं हिस्लॉप कॉलेज निघालं १८८३ साली. ते त्याने पाहिलं नाही. अनंतकाळावर नजर असलेला हा माणूस टाकळीच्या मातीतला शंख हातात घेऊन बघत बसायचा. त्याला ही माती दुय्यम वाटली असती, तर त्याने वाकून तो शंख उचलला असता का?

पंडिता रमाबाईंचंही तसंच. आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत कॉलऱ्याने गेला. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या आमच्या मध्य प्रांतात आल्या आणि इथल्या अनाथ मुली, विधवा यांना घेऊन गेल्या. त्यांच्यासाठी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला घर उभं राहिलं. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. पुढच्या वर्षी स्वतः जाईपर्यंत रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या.

आमची आशा पुष्कळ लोक समजतात तशी नुसती आत्मा उडून वर जाण्याची नाही. ख्रिस्त देहासह उठला, आम्हीही उठू, आणि पृथ्वीही नवी होईल, हा विश्वास आहे. म्हणून देह पुसणं, जखम बांधणं, पोरांना शिकवणं वाया जात नाही. पौल पुनरुत्थानावर अख्खा एक अध्याय लिहितो, करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा १५ वा, आणि त्याचा शेवट करतो तो कामाला लागा असं सांगून: प्रभूमध्ये तुमचे श्रम व्यर्थ नाहीत. असे श्रम नागपूरने पाहिलेत. २९ नोव्हेंबर १९७० ला इथेच सहा वेगवेगळे ख्रिस्ती पंथ एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्याची बोलणी १९२९ पासून चालली होती. सुरुवात करणाऱ्यांपैकी कितीतरी जण तो दिवस बघायला उरले नाहीत. तरी त्यांनी बैठका सोडल्या नाहीत.

मी स्वतः ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत जाते. आदल्या दिवशी थडगं धुऊन ठेवते. अंधारात गीत सुरू होतं, बाजूला कुणी नातवाला कडेवर घेऊन उभं असतं, कुणाची माती अजून ओली असते. मला तिथे यजमानांची आठवण येते आणि रडूही येतं, दर वर्षी. ते पुन्हा भेटतील हे मला पक्कं ठाऊक आहे, आणि तरी संध्याकाळी दोन कप चहा टाकायची सवय मोडताना जीव जातो. एकाने दुसरं खोटं होत नाही. दुःख मात्र मला गिळत नाही, कारण ते शेवटचं पान नाही हे मी मानते.

तुमच्या सहकारी बाईंसाठी काय करता येईल, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण नर्स म्हणून सांगितल्याशिवाय राहवत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. म्हणजे त्या आईची सलग झोप कित्येक दिवसांत झालेली नाही. त्यांच्या विश्वासाची परीक्षा घेऊ नका आणि समजूतही घालू नका. जेवणाचा डबा न्या. कूस कशी बदलायची ते त्यांच्याकडून शिकून घ्या आणि एखाद्या रविवारी सकाळी मुलाजवळ बसा, म्हणजे त्यांना उपासनेला जाता येईल. बहुतेक कित्येक रविवार हुकले असतील, आणि हे त्या कुणाला बोलून दाखवणार नाहीत. आणि पुढच्या वेळी त्या "प्रभूची स्तुती असो" म्हणाल्या, तर सरळ विचारा, "आज कशाबद्दल, ताई?" त्या सांगतील. ऐकायला वेळ काढून जा.