नऊ दिवसांच्या रजेत हर की दून बसतं का?

प्रश्न: आम्ही पाच जण, वय 32 ते 46. हरिहर, साल्हेर, अलंग-मदन-कुलंग झालंय, कळसूबाई तर दर पावसाळ्यात असतंच. आता मे महिन्याच्या शेवटी उत्तराखंडात हर की दूनच्या दरीत जायचंय आणि जमलं तर पुढे रुइनसारा ताल, म्हणजे तिथला वरचा तलावपण. कुठल्या कंपनीच्या ग्रुपबरोबर नाही, स्वतःचे तंबू, स्वतःचा स्वयंपाक. रजा मात्र सगळ्यांची जुळून नऊच दिवस होतेय, दोन्ही टोकांचे शनिवार-रविवार धरून. तीन माणसांचे दोन तंबू ऑनलाइन मागवलेत. बाकी सामानाची यादी द्याल का?
(इंदिरानगर, नाशिक)

उत्तर: सामानाचं सांगतोच, पण आधी ती नऊ दिवसांची रजा जरा कागदावर मांडू, कारण सगळे यादी मागतात आणि दिवस कोणी मोजत नाही.

नाशिकरोडहून मंगला किंवा पंजाब मेलने दिल्ली, म्हणजे जवळजवळ एक दिवस गेला. दिल्लीहून रात्रीत डेहराडून. तिथून सांकरी, म्हणजे ट्रेक जिथून सुरू होतो ते गाव, 190-200 किलोमीटर, आकडा ऐकून आपल्याला वाटतं चार तासांत पोचू, नाशिक-पुणे तर आहे, पण तो सगळा रस्ता मसुरी, पुरोला, मोरी, नैटवार असा डोंगराला लपेटून जातो, पहाटे निघालात तरी आख्खा दिवस जातो, आणि मध्ये कुठे दरड आली असेल तर जेसीबी येईपर्यंत चहा पीत बसायचं. म्हणजे तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सांकरीत. परतीचेही तसेच तीन. नवातून सहा गेले, चालायला उरले तीन, आणि त्या तीन दिवसांत तुम्हाला हर की दून करून यायचंय, वर रुइनसारा. नाही बसत हो. धावत गेलात तर कदाचित बसेलही, पण मग तिकडे धावायला कशाला जायचं.

ओझरहून विमानाने दिल्ली गाठली तर येता-जाता एकेक दिवस वाचतो, चालायला पाच दिवस मिळतात, त्यात हर की दून होतं पण एकही दिवस शिल्लक राहत नाही. माझं म्हणणं, रजा बारा दिवसांची करा आणि रुइनसारा यावेळी सोडा. बारा जमत नसेल तर ह्या वर्षी जाऊ नका, दरी कुठे जात नाही.

शिल्लक दिवस कशाला हवा ते सांगतो. कळसूबाईचं शिखर 1646 मीटर, महाराष्ट्रात त्याच्यावर काही नाही. सांकरी गाव 1950 च्या आसपास आहे. म्हणजे आपण आयुष्यभर जिथे चढून हुश्श केलं त्याच्याही वर ह्यांचा ट्रेक सुरू होतो, आणि हर की दून 3566 वर. सह्याद्रीत तुमचे पाय तयार झालेत हे खरंच, हरिहरच्या पायऱ्या चढणाऱ्याला तिकडची वाट अवघड वाटणार नाही, पण सह्याद्रीत कितीही किल्ले केले तरी विरळ हवेची सवय होत नाही. ती फक्त उंचीवर रात्री काढूनच होते आणि त्याला वेळ लागतो. साधारण 3000 मीटरच्या वर गेलं की मुक्कामाची उंची रोज 500 मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबायचं, असा डॉक्टर लोकांचा ठोकताळा आहे. ओसला गाव 2500 च्या जरा वर, तिथून एका दिवसात सामानसुमान घेऊन हर की दूनला झोपायला गेलात तर जवळजवळ 1000 मीटरची उडी झाली.

म्हणून असं करा. सांकरीत एक रात्र. दुसऱ्या दिवशी जीपने तालुक्यापर्यंत (गावाचं नावच तालुका आहे, तहसील मोरी आणि जिल्हा उत्तरकाशी, मला पहिल्यांदा कोणी 'तालुका गावी उतरा' म्हणालं तेव्हा मी 'कुठला तालुका?' असं तीनदा विचारलं होतं) आणि तिथून सुपिन नदीच्या काठाने गंगाडवरून ओसला किंवा पलीकडचं सीमा. तिसरा दिवस तिथेच काढा, वर थोडं चढून या आणि झोपायला खाली. चौथ्या दिवशी वाटेत बोसलोला तंबू, पाचव्या दिवशी हलकी पिशवी घेऊन हर की दून बघून परत बोसलो, मग खाली. हर की दूनलाच झोपलं पाहिजे असा हट्ट नको, पहाट चुकते खरी पण डोकं शाबूत राहतं.

आमच्या पहिल्या फेरीत एक जण होता, कळसूबाई दीड तासात करणारा, तो सगळ्यांच्या पुढे पळायचा आणि मागे वळून हसायचा. वरच्या मुक्कामाला पोचल्यावर संध्याकाळी डोकं दुखायला लागलं, आम्ही क्रोसिन दिली आणि ऊन लागलं असेल म्हणून सोडून दिलं, सकाळी चहा प्यायला तो सगळा उलटला. तरी आमचं चाललं होतं की जरा वेळ बसू मग वर जाऊ, तिकिटं काढलीत, एवढ्या लांब आलोय वगैरे. बरोबरच्या गाववाल्या पोराने त्याची सॅक उचलली आणि काही न बोलता खालची वाट धरली. रात्री ओसलात तोच माणूस तीन वाट्या डाळ-भात जेवला. उंचीचा त्रास झाला तर वर जायचं नाही, वाढतोय असं वाटलं तर खाली, मग रात्र असो की पाऊस. बसल्या जागी धाप लागते, खोकला येतो, सरळ रेषेत चालता येत नाही, असंबद्ध बोलतोय, ह्यातलं काही दिसलं की चर्चा करायचीच नाही, माणूस ताबडतोब उतरवायचा. हे कोण ठरवणार ते नाशकातच ठरवून या, वर गेल्यावर सगळ्यांनाच शिखर दिसत असतं.

गाईड मात्र घ्या, कंपनी नको असेल तर नको, सांकरीतला किंवा ओसलाचा माणूस घ्या आणि सामानाला खेचर. त्यात कमीपणा काही नाही. मे अखेरीला वरच्या ओढ्यांवर बर्फाचे पूल असतात, वरून घट्ट दिसतात आणि खालून पाण्याने पोखरलेले, कुठला चालेल ते तिथल्या माणसाला कळतं. शिवाय सगळा भाग गोविंद राष्ट्रीय उद्यानात येतो, नैटवारला वनखात्याच्या चौकीवर परवाना आणि फी असते, ओळखपत्राच्या झेरॉक्स जवळ ठेवा. आणि स्वतःचे तंबू कुठे लावता येतील ते तिथेच विचारून घ्या, कारण 2018 मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने बुग्यालांवर, म्हणजे ती वरची गवताळ कुरणं, तिथे रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. फोटोत तंबू हिरव्यागार कुरणात दिसतो म्हणून आपणही तिथे लावायचा असं नाही चालत.

आता तंबू. ऑनलाइन मागवलेत म्हणता, तर दोन थरांचे आहेत का बघा, आत जाळीचा आणि वर वेगळं आवरण. गंगापूर धरणाच्या काठी एक रात्र काढायला मिळतात ते एका थरातले, त्यात आपल्याच श्वासाचं पाणी सकाळी अंगावर ठिबकतं, तिकडच्या थंडीत स्लीपिंग बॅग ओली झाली म्हणजे संपलं. घराच्या गच्चीवर लावा, बागेच्या पाइपने वीस मिनिटं पाणी मारा आणि आत एकाला बसवा, खरं काय ते कळेल. शेजारी विचारतील काय चाललंय, सांगा हिमालय. तीन माणसांच्या तंबूत सॅक धरून दोनच माणसं नीट झोपतात, म्हणजे पाच जणांना दोन तंबूंत दाटी होईल, सॅक बाहेर प्लास्टिकमध्ये ठेवा नाहीतर तिसरा सांकरीत भाड्याने घ्या, स्लीपिंग बॅगाही मिळतात. बॅगेवर एकापेक्षा जास्त तापमानं लिहिलेली असतात, त्यातलं आरामाचं बघायचं, सगळ्यात खालचं आहे त्याच्यावर माणूस फक्त जिवंत राहतो.

प्रश्न: मी 57 वर्षांची, रोज सकाळी पांडवलेणी चढते. बीपीची गोळी चालू आहे, बीपी ताब्यात असतं. भाचा हर की दूनला नेतो म्हणतोय, घरचे नको म्हणतात. जाऊ का? आणि उंचीचा त्रास होऊ नये म्हणून डायमॉक्सची गोळी सगळ्यांनी घ्यायची असते का?
(पाथर्डी फाटा, नाशिक)

उत्तर: ताई, घरच्यांना विचारायच्या आधी डॉक्टरांना विचारा. बीपी ताब्यात आहे एवढ्यावरून कोणी तुम्हाला अडवत नाही, पण उंचीवर ते वाढू शकतं, आणि गोळी लघवी वाढवणारी असेल तर वर अंगातलं पाणी कमी पडून त्रास होतो, तेव्हा गोळीचं नाव घेऊनच जा आणि ईसीजी वगैरे म्हणतील ते करून घ्या. डायमॉक्स सरसकट सगळ्यांना नाही. सल्फाच्या औषधांची अॅलर्जी असेल तर ते आधी सांगा, आणि घ्यायचीच झाली तर डोस डॉक्टर ठरवतील, भाचा नाही.

वयाचं म्हणाल तर उंचीचा त्रास वय बघून येत नाही, उलट तरुण पोरं जास्त आपटतात कारण ती पळतात. तुम्ही हळू चालणार, त्यामुळे तुमचं जमायची शक्यता बरी. भाच्याला मात्र सांगा की रोजचा मुक्काम आणि वेग तुमच्या हिशोबाने ठरेल, त्याच्या नाही. आणि हो, आपली पांडवलेणी नावापुरती पांडवांची, आहेत बौद्ध लेणी, पण तिकडे समोर 6252 मीटरचं स्वर्गारोहिणी शिखर दिसतं आणि पांडव त्यावरून स्वर्गात गेले असं तिथली माणसं सांगतात. ओसलातल्या जुन्या लाकडी देवळाला बाहेरचे लोक दुर्योधनाचं म्हणतात, गावातले सोमेश्वराचं. गावात त्यावर वाद घालू नका, आणि विचारल्याशिवाय आत जाऊ नका.

प्रश्न: आम्ही घरूनच गॅस आणि खायचं नेणार आहोत. काय न्यावं?
(सिडको, नाशिक)

उत्तर: गॅस नेऊ नका. रेल्वेत गॅसचे डबे, रॉकेल, पेटता स्टोव्ह काहीच चालत नाही, विमानात तर नाहीच. डेहराडूनला विकत घ्या, आणि स्क्रूचा, मिश्र गॅसचा डबा मागा. टेबलावरच्या स्टोव्हला लागतो तो लांबुळका डबा नुसत्या ब्युटेनचा असतो, ब्युटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचंच थांबतं, म्हणजे पहाटे चहाच्या वेळी ज्योत मिणमिणते आणि सगळे एकमेकांकडे बघत बसतात.

खायचं म्हणाल तर तूरडाळ घरी ठेवा. 3500 मीटरवर पाणी साधारण 88 अंशालाच उकळतं, कितीही वेळ उकळा डाळ कच्चीच राहते, छोटा कुकर नेणार असाल तरच मूग किंवा मसूर. त्यापेक्षा बेसन न्या, पिठलं पाच मिनिटांत होतं आणि गॅस वाचतो. सातूचं पीठ, मेतकूट, भाजलेले पोहे, गुळ-दाण्याचे लाडू, पहिल्या तीन दिवसांसाठी दुधातल्या दशम्या. उंचीवर भूकच मरते, तेव्हा घरच्या चवीचं असेल तर घशाखाली उतरतं. मिसळीची फरसाण कोणीतरी नेतंच, नेऊ दे, पण वरच्या मुक्कामाला तेलकट नको.

प्यायचं पाणी उकळूनच, तेवढ्या उंचीवर तीन मिनिटं खळखळ उकळू द्या. पॉवर बँक आणि मोबाइल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा, थंडीत चार्ज बघता बघता उतरतो. कोणी परदेशातून सॅटेलाइट फोन आणून देतो म्हणत असेल तर नको म्हणा, परवानगीशिवाय आपल्या देशात तो बाळगणंच बेकायदा आहे. आणि गॅसचे रिकामे डबे खेचरवाल्याकडे देऊन मोकळं होऊ नका, त्यांना तिथे टाकायला जागा नाही, सॅकमध्ये घाला आणि डेहराडूनपर्यंत आणा.