बिनकामाच्या डीएनएवर करिअर होतं का?

नमस्कार,

बारावीतल्या तुमच्या मुलीला डीएनएच्या, त्यातही प्रथिनं न बनवणाऱ्या डीएनएच्या आधारे सस्तन प्राण्यांची नाती शोधायची आहेत आणि तुम्हाला ती डॉक्टर व्हायला हवी आहे. इथवर नवीन काही नाही. पण ‘मेडिकलचा अर्ज मी परस्पर भरलाय, तुम्ही फक्त तिची समजूत काढा’ हे वाचून राग आला. ते काम माझ्याकडून होणार नाही. अख्ख्या पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत उरकलंय, तेही ‘खूळ’ म्हणून. अर्ज भरल्याचं आजच तिच्या कानावर घाला. दुसऱ्या कुणाकडून कळलं तर ती तुमच्याशी मोकळेपणाने बोलणारच नाही.

‘बिनकामाच्या डीएनएला कोण विचारतो?’ असं तुम्ही लिहिता. माणसाच्या जनुकसंचाचा, म्हणजे पेशीतल्या सगळ्या डीएनएचा, जेमतेम दीड टक्का भाग प्रथिनांसाठी वापरला जातो. उरलेल्यात जनुकं चालू-बंद करणारे भाग आहेत, तसा खरोखर बिनकामाचा ऐवजही असेल. पण नाती शोधायला तोही उपयोगी पडतो. ‘साइन’ नावाचे छोटे तुकडे स्वतःच्या प्रती काढतात आणि त्या जनुकसंचात कुठेही जाऊन बसतात. दोन प्राण्यांत तोच तुकडा नेमक्या त्याच जागी सापडला, तर तो बहुधा समाईक पूर्वजाकडूनच आलेला असतो. त्या जागेच्या डीएनएच्या पीसीआर या पद्धतीने भरपूर प्रती काढायच्या आणि जेलवर, म्हणजे डीएनए लांबीनुसार वेगळं करणाऱ्या थरावर, सोडायच्या; तुकडा असलेल्या प्राण्याचा डीएनए लांब असल्याने त्याची पट्टी वर राहते, नसलेल्याची खाली उतरते. १९९९ साली जपानी संशोधकांनी अशाच तुकड्यांवरून देवमाशाचा सर्वांत जवळचा हयात नातेवाईक पाणघोडा असल्याचं दाखवलं. त्याआधी शरीररचनेवरून पाणघोड्याला डुकरांच्या पंगतीला बसवत. आणि २०२३ मध्ये २४० सस्तन प्राण्यांचे जनुकसंच ताडून पाहिले गेले, त्याचा उपयोग माणसाच्या आजारांशी निगडित बदल हुडकायलाही होतोय. म्हणजे तुमच्या डॉक्टरकीपासून हे फार लांब नाही.

बीएससी, एमएससी, पीएचडी ही वाट ठरलेली आहे. कमाई उशिरा सुरू होते, कायमच्या जागा थोड्या. हे तिला स्पष्ट सांगा.

मला काळजी वेगळीच वाटते. ‘गणित सोडल्यापासून खूश आहे’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंय. आज या विषयाचं बरंचसं काम संगणकावर चालतं आणि संख्याशास्त्राशिवाय पान हलत नाही. या सुट्टीत तिने थोडं पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) शिकावं, जेनबँक या सर्वांसाठी खुल्या डीएनए-संग्रहातून देवमासा, पाणघोडा, डुक्कर आणि गाय यांच्या डीएनएचे क्रम फुकट उतरवून घ्यावेत आणि स्वतः जुळवून पाहावेत. महिनाभरात कंटाळली, तर दुसऱ्या वाटांचं बोलू. तेव्हाचं पत्र मात्र तिने लिहावं, तुम्ही नव्हे.