फोटोत न दिसणारा जिना

इटलीला जायचं, पण हॉटेलात न राहता खेड्यातलं अख्खं घर आठवडाभर घ्यायचं, असा बेत आखणारी मराठी कुटुंबं वाढली आहेत. आलेल्या प्रश्नांत बहुतेकांचं मन मध्य इटलीतल्या टस्कनी प्रांतावरच बसलेलं दिसतं, म्हणून उत्तरंही मुख्यतः तिथलीच. शेजारच्या उम्ब्रियात जाणाऱ्यांनाही ती उपयोगी पडतील. तिथं भाडंही सहसा हलकं असतं, हे जाता जाता.

आम्ही दहा जण : दोन्हीकडचे आई-बाबा, आम्ही चौघं आणि बहीण-मेहुणे. सिएनाजवळचा 'बारा जणांसाठी' असा व्हिला पसंत केलाय. फोटो अप्रतिम आहेत. आगाऊ रक्कम भरण्याआधी काय विचारावं? (ठाणे)

आधी जिन्याचं विचारा. जाहिरातीत पोहण्याच्या तलावाचे दहा फोटो असतात, जिन्याचा एकही नसतो. 'व्हिला' म्हणून तिथं जे भाड्याने मिळतं, त्यातलं बरंचसं म्हणजे कासा कोलोनिका, कुळाचं घर. खरा व्हिला म्हणजे जमीनदाराचा वाडा. भोवतीच्या शेतांवर कुळं राहायची आणि पीक मालकाशी निम्मं-निम्मं वाटून घ्यायची. या पद्धतीचं नाव मेझ्झाद्रिया. 'मेझ्झो' म्हणजे अर्धा. आपल्याकडे अर्धेलीने जमीन कसायची, तसंच. दुसऱ्या महायुद्धानंतर ही माणसं कारखान्यांच्या शहरांकडे निघाली, १९६४ च्या कायद्याने असे नवे करारच बंद झाले आणि टेकड्यांवरची दगडी घरं ओस पडली. आपल्याकडे कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ ला कूळ जमिनीचं मालक झालं. तिकडचं कूळ घराला कुलूप लावून गेलं. तीच घरं पुढे दुरुस्त झाली, अंगणात तलाव आला आणि आता ती तुमच्या मोबाइलवर दिसतायत.

या घरांत खाली गोठा आणि वर माणसं, अशी रचना होती. थंडीत बैलांची ऊब वर यायची. म्हणून झोपायच्या खोल्या आजही बहुधा वरच असतात, आणि वर जायला पुष्कळदा बाहेरून दगडी जिना : उंच पायऱ्या, मधोमध झिजलेल्या, कठडा असला तर असला. गुडघे दुखणाऱ्या माणसाला दिवसातून चार वेळा तो चढायचा आहे. तेव्हा मालकाला सरळ लिहा : तळमजल्यावर झोपायच्या खोल्या किती, त्यांच्याजवळ बाथरूम आहे का, आणि जिन्याचा फोटो पाठवा. फोटो पाठवायला टाळाटाळ झाली, तर उत्तर मिळालंच म्हणायचं.

मग 'बारा जण' कसे मोजले ते विचारा. त्यातले दोघं बैठकीतल्या सोफ्यावर असतात. बाथरूम किती, हेही. दहा माणसांना दोन असली तर सकाळी फ्लोरेन्स गाठायचा बेत तिथंच कोसळतो. शेवटचा कच्चा रस्ता किती किलोमीटर? पांढऱ्या खडीच्या या रस्त्याला स्त्रादा ब्यांका म्हणतात. फोटोत तो फार देखणा दिसतो, पण तीन किलोमीटरला दहा मिनिटं सहज जातात, आणि काळोख पडला की रानडुक्कर आडवं येतं.

तलावाला कुंपण असेल असं धरून चालू नका. लहान मुलं असतील तर लेखी विचारा. बहुतेक तलावांचं पाणी गरम केलेलं नसतं आणि ते साधारण मेअखेर ते सप्टेंबरअखेर खुले असतात. आपल्या उन्हाळी सुट्टीत मेच्या पहिल्या आठवड्यात गेलात, तर त्यावर ताडपत्री पाहून परत याल.

शेवटचं म्हणजे सीआयएन क्रमांक. पर्यटकांना अल्पमुदतीने दिल्या जाणाऱ्या प्रत्येक घराला १ जानेवारी २०२५ पासून हा राष्ट्रीय क्रमांक सक्तीचा आहे आणि तो जाहिरातीत छापावा लागतो. तो नसेल तर पैसे पाठवू नका.

आग्रितुरिस्मो घ्यावं की स्वतंत्र घर? (पुणे)

आग्रितुरिस्मो म्हणजे चालू शेतीवरचा मुक्काम. १९८५ मध्ये त्याचा पहिला राष्ट्रीय कायदा झाला, २००६ मध्ये नवा आला. शेती हा मुख्य धंदा आणि पाहुणे हा जोडधंदा, अशी अट आहे. मालक आवारात किंवा जवळपास राहतो, म्हणजे नळ गळला तर हाक मारायला माणूस असतो. पहिल्यांदा जात असाल आणि चार-सहाच जण असाल, तर माझं मत डोळे मिटून आग्रितुरिस्मोला. स्वतंत्र घरात रिसेप्शन नसतं आणि खोली आवरायला रोज कुणी येत नाही. ज्यांना दहा जणांनी एकाच लांब टेबलावर बसून जेवायचंय, त्यांनी मात्र स्वतंत्र घरच घ्यावं.

आम्ही जैन. कांदा-लसूण आणि अंडं नाही, आईंचा चौविहार, म्हणजे सूर्यास्तानंतर अन्न-पाणी नाही. खेड्यात जेवणाचे हाल होतील का? कुकर, मिक्सर न्यावा का? (सांगली)

हाल होणार नाहीत, उलट घर घेण्याचं हेच मोठं कारण आहे. तिथल्या साध्या किराणा दुकानांत आणि कोऑप, कोनाडसारख्या सुपरमार्केटांत 'फारिना दि चेची' नावाचं पीठ मिळतं. म्हणजे आपलं बेसन. पिसा-लिव्होर्नोच्या बाजूला याच पिठाची चेचिना करतात : पीठ, पाणी, तेल, मीठ, मोठ्या थाळ्यात भट्टीत भाजलेली. कांदा नाही, लसूण नाही, अंडं नाही. मसूर, छोले, पांढरा घेवडा मुबलक. बासमतीही मोठ्या दुकानांत असतो. रिसोत्तोचा आर्बोरिओ तांदूळ आणून वरण-भात करू नका, त्याची खीर होते.

पास्त्याचं एक लक्षात ठेवा. कोरडा, पाकिटातला साधा पास्ता गहू आणि पाण्याचा असतो. 'ताजा, घरचा' म्हणून कौतुकाने वाढतात त्या ताल्यातेल्लेत अंडं असतं. सिएनाकडची जाड पीची बहुधा पीठ-पाण्याचीच, पण तिच्यावर लसणाचा रस्सा हमखास येतो. पार्मिजानो रेज्जानो हे चीज वासराच्या जठरातलं विरजण लावूनच बनतं, म्हणून तुमच्यासाठी बाद. दुकानात चीजच्या पाकिटावर 'काल्यो व्हेजेताले' (वनस्पतीचं विरजण) किंवा 'मिक्रोबिको' (सूक्ष्मजीवांचं) लिहिलंय का ते पाहा. काही पाव आणि फोकाच्चांत डुकराची चरबी, 'स्त्रुत्तो', असते. हॉटेलात 'सेन्झा उओवा, सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला' (अंडं, लसूण, कांदा नको) एवढं म्हणता आलं तरी वाढणारा समजून घेतो.

चौविहाराचं गणित मात्र ऋतूवर आहे. खेड्यातली रेस्तराँ रात्री साडेसातच्या आधी चूल पेटवत नाहीत. जूनमध्ये सूर्य नऊच्या सुमारास मावळतो, म्हणजे आईंना आरामात बाहेर जेवता येईल. ऑक्टोबरमध्ये ते जमणार नाही, दुपारचंच जेवण बाहेर घ्यावं लागेल. साडेबाराला पोचा. अडीचनंतर तीही बंद.

हळद, हिंग, गोडा मसाला इथून न्या. तूप आणि पेढे नेऊ नका : युरोपीय संघाबाहेरून प्रवाशाने दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तिथलं बिनमिठाचं लोणी कढवा, चांगलं रवाळ तूप होतं. कुकर छोटा न्या. अॅल्युमिनियमचा असेल आणि शेगडी इंडक्शनची निघाली, तर तो नुसताच सोबती. मिक्सरला तिथला वीजदाब चालतो, पण आपल्या जाड तीन पिनांचा प्लग चालत नाही. तिथं तीन बारीक भोकं एका ओळीत असतात.

आणि मीटर. इटलीत घरगुती वीजजोडणी बहुधा ३ किलोवॉटची असते. आम्ही एका घरात इंडक्शनवर पुऱ्यांचं तेल ठेवलं, बाजूला कपडे धुवायचं यंत्र फिरत होतं, आणि भाच्याने चहासाठी विजेची किटली लावली. खट्! सगळा अंधार. कॉन्तातोरे, म्हणजे मीटर, घराबाहेर कण्हेरीच्या झुडपामागे एका पत्र्याच्या पेटीत, आणि बाहेर पाऊस. मोबाइलच्या उजेडात चिखल तुडवत जाऊन खटका वर केला, परत आलो तर तेल कोमट आणि लाटलेल्या पुऱ्या एकमेकींना चिकटलेल्या. तेव्हापासून घरात पाऊल टाकलं की मी आधी मीटर कुठाय ते विचारतो, वायफायचा पासवर्ड नंतर.

गाडीशिवाय जमेल का? भारतीय परवाना चालतो का? (नवी मुंबई)

खेड्यात गाडीशिवाय जमत नाही. भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओत एक हजार रुपये शुल्क आहे, मुदत एक वर्षाची. मूळ परवानाही जवळ हवा. चालकासह नऊ आसनांपर्यंतची गाडी मोटारीच्याच परवान्यावर चालवता येते, पण दहा-अकरा जण असाल तर दोन गाड्याच घ्या. नऊ माणसं बसली की बॅगांना जागा उरत नाही आणि ती लांबलचक गाडी गावातल्या बोळात अडकते. ऑटोमॅटिक हवी असेल तर फार आधी सांगा.

खरा धोका झेडटीएलचा. जुन्या शहरांच्या गाभ्यात ठरावीक वाहनांनाच प्रवेश असतो. फ्लोरेन्स, सिएना, पिसा, सगळीकडे. पांढऱ्या गोल पाटीला लाल कडा, आणि वर कॅमेरा. कुणी अडवत नाही, शिट्टी वाजत नाही. आम्ही फ्लोरेन्सला नकाशावरची बाई सांगेल तसे वळलो, आणि कळलं ते घरी आल्यावर : आधी गाडीच्या कंपनीने माझं नाव पोलिसांना कळवण्याचे पैसे कार्डातून कापले, मग काही महिन्यांनी मूळ दंडाचा कागद टपालाने दारात. परदेशी माणसाला तो पाठवायला त्यांच्याकडे ३६० दिवस असतात. तेव्हा गाडी तटबंदीबाहेर लावा आणि चाला. पार्किंगच्या पांढऱ्या रेघा फुकट, निळ्या पैसे भरून, पिवळ्या राखीव.

माझी द्राक्षबाग आहे. तिकडची द्राक्षतोडणी पाहायची आहे. कधी जावं? (नाशिक)

तुमच्या पत्राने मला आनंद झाला, कारण तुमची अडचण बाकी कुणाला कळणार नाही. फ्लोरेन्स आणि सिएनाच्या मधल्या क्यांती भागात सांजोव्हेझे या वाइनच्या द्राक्षाची तोडणी साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत चालते, आणि नेमकी तेव्हाच तुमची गोडी छाटणी तोंडावर येते. म्हणून दहा ते वीस सप्टेंबरमधला आठवडा धरा. ऊन चांगलं असतं, तलाव उघडे असतात, भाडं ऑगस्टपेक्षा उतरलेलं असतं. तोडणीची नेमकी तारीख पाऊस ठरवतो, त्यामुळे मालकाला ऑगस्टअखेर पुन्हा विचारा. तिकडची वेल हिवाळ्यात झोपते आणि मुख्य छाटणी वर्षातून एकदाच, थंडीत होते. आपल्याकडच्या खरड आणि गोडी अशा दोन छाटण्यांचं गणित तिथल्या बागाइतदाराला समजावून सांगा, संध्याकाळ कशी सरली कळणार नाही. राहायला ग्रेव्हे, राद्दा किंवा गायोलेच्या आसपास पाहा.

दिवाळीच्या सुट्टीत गेलं तर? (छत्रपती संभाजीनगर)

जा, पण तलाव विसरून. दिवाळी नोव्हेंबरात असेल तर तो ऑलिव्ह तोडणीचा काळ. घाण्यातून निघालेलं हिरवं, घशाला झोंबणारं ताजं तेल भाजलेल्या पावावर घेऊन खायचं. टस्कनीचा पाव अळणी असतो, त्यावर चिमूटभर मीठ मागा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो.

थंडीचं नीट विचारून घ्या. इटलीत घर गरम करण्याच्या तारखा हवामानाच्या पट्ट्यांनुसार ठरलेल्या आहेत. फ्लोरेन्सच्या पट्ट्यात १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल, दिवसाला बारा तास. ऑक्टोबरअखेरच्या रात्री दगडी भिंती गार पडलेल्या असतात, तेव्हा चूलकोनाड्यातली लाकडंच आधार. खेड्यात पाइपचा गॅस नसला तर अंगणात टाकी असते, आणि तो गॅस महाग. 'हीटिंग वापराप्रमाणे वेगळं' ही एक ओळ करारात कुठं लपलीय ते शोधा.

मी म्युनिकला राहते. आई-बाबा कोल्हापूरहून तीन आठवडे येतील, त्यातला एक टस्कनीत. व्हिसा कुणाचा? शनिवार ते शनिवारच घ्यावं लागतं का?

जास्त दिवस जिथं, त्या देशाचा शेंगेन व्हिसा. म्हणजे जर्मनीचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, ३०,००० युरोंचा प्रवासविमा लागतो, आणि इटलीच्या घराचं बुकिंग अर्जाला जोडा.

मोसमात शनिवार ते शनिवार हाच रिवाज आहे. एप्रिल किंवा ऑक्टोबरमध्ये मालक चार रात्रींनाही तयार होतात. घर दुपारी चारच्या पुढे ताब्यात मिळतं, सोडायचं सकाळी दहाला. टेकडी चढण्याआधी खाली बाजार करून घ्या, कारण रविवारी दुपारी खेड्यातलं दुकान बंद असतं. पोचल्यावर मालक सगळ्यांचे पासपोर्ट मागेल. आई-बाबांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील : पाहुण्यांची नावं चोवीस तासांत पोलिसांना कळवणं त्याला बंधनकारक आहे. अनामत, शेवटची साफसफाई, चादरी-टॉवेल आणि माणशी दर रात्रीचा पर्यटक कर हे भाड्यात धरलेत का ते पाहा. कर बहुधा रोख घेतात.

विंचू असतात असं वाचलं. खरं का? (चिपळूण)

असतात. काळे, लहान, जुन्या भिंतींच्या फटींत आणि सरपणात. चावला तर गांधीलमाशीसारखं दुखतं. आपल्या कोकणातल्या लाल विंचवासारखा तो जिवावर बेतत नाही. तरी कुणाला सूज चढली, दम लागला तर ११२ लावा. तुम्ही चिपळूणचे, बूट झटकून घालायचं मी तुम्हाला काय सांगणार! खिडक्यांना जाळ्या नसतात, त्यामुळे डासांची सोय मात्र घरून करून न्या.