गोदाकाठचा दगड, अक्कलदाढ आणि कागदाची होडी

आदिमानवाबद्दल नाशिकच्या वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न यावेळी घेतले आहेत. पहिल्यालाच जास्त जागा दिली आहे, कारण तो इथल्याच नदीतला आहे.

गंगापूरच्या बाजूला नदीकाठी मुलीला पानाच्या आकाराचा काळा दगड सापडला. एका कडेला धार लागते. हे आदिमानवाचं हत्यार असेल का? (एक पालक, सातपूर)

असू शकेल. जागा तरी नेमकी आहे! गंगापूरजवळच्या गंगावाडीला, गोदावरीच्या दगडगोट्यांच्या थरात, पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना हातकुऱ्हाडी (मुठीत धरायची दगडी हत्यारं) आणि रुंद, सरळ धारेचे क्लीव्हर मिळाले. गोदाकाठच्या या हत्यारांवरचं त्यांचं पुस्तक डेक्कन कॉलेजने १९५२ साली काढलं.

पण दगड नदीही फोडते. म्हणून तो सकाळच्या तिरप्या उन्हात धरून बघा. नेमका ठोका बसला की दगडाचा छिलका उडतो आणि मागे शिंपल्यासारखी उथळ, खोलगट खूण राहते. अशी एखादी खूण पुरात आपटूनही पडते. मात्र दोन्ही अंगांना, कडेकडून मध्याकडे गेलेल्या, एकीला खेटून दुसरी अशा सात-आठ खुणा असतील आणि कड किंचित नागमोडी असेल, तर तिथे हात फिरलेला आहे.

मी हे स्वतः करून पाहिलं आहे. डाव्या हातात काळा दगड, उजव्यात गोल गोटा. पहिल्या दिवशी नुसता भुगा पडला आणि अंगठा सुजला. कडेचा कोन काटकोनाहून मोठा असेल तर कितीही जोर लावा, छिलका निघत नाही. एक ठोका चुकला की पुढच्या दोन ठोक्यांची जागा जाते. म्हणजे पहिला घाव घालतानाच तिसरा कुठे बसणार, हे डोक्यात असावं लागतं. आपल्या मेंदूच्या सुमारे दोन तृतीयांश आकाराच्या मेंदूने हे साधलं होतं, याचं मला आजही भारी वाटतं.

ते लोक कोण होते? चेन्नईजवळच्या अत्तिरमपक्कमला याच घडणीची हत्यारं सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीची निघाली आहेत, तेव्हा आपली जात, होमो सेपियन्स, अजून जन्मायची होती. हत्यारं ढिगाने मिळतात, माणसाची हाडं मात्र फारच दुर्मीळ. १९८२ साली अरुण सोनकिया यांना नर्मदाकाठी हथनोऱ्याला कवटीचा भाग सापडला, म्हणून तो इतका मोलाचा. गोदावरीच्या गाळातून नांदूर मध्यमेश्वरजवळ मिळाले ते प्राचीन हत्तीचे अवशेष.

एक कळकळीची विनंती. दगड घासूनपुसून शोकेसमध्ये ठेवू नका. कुठल्या काठावर, कुठल्या थराजवळ सापडला ते आजच लिहून ठेवा, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा आणि पुरातत्त्व विभागाला दाखवा. जागा हरवली की त्या दगडाची निम्मी गोष्ट गेली. आणि पुढच्या वेळी काही दिसलं, तर उचलूच नका.

माणूस माकडापासून झाला, तर अंजनेरीवर अजून माकडं कशी? (एक विद्यार्थी, त्र्यंबकेश्वर)

कारण ती आपले आजोबा नाहीत, लांबचे भाऊबंद आहेत. त्यांची आणि आपली वाट अडीच-तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली. चिंपांझी त्यामानाने सख्खा चुलतभाऊ, त्याची वाट साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळी झाली. चुलत्याचं घर नांदतं आहे म्हणून आपलं घर खोटं ठरत नाही.

आदिमानव पांडवलेण्यांत राहायचा का? (सिडको)

नाही. ती लेणी माणसाने लोखंडी छिन्नीने कोरलेली, बौद्ध भिक्षूंसाठी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा कोरीव लेख तिथेच आहे. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकासारखे नैसर्गिक निवारे आपल्या काळ्या दगडात कमी. इथला माणूस बहुतेक उघड्यावर, पाण्याजवळ राहिला, म्हणून त्याचा माग नदीच्या थरांत लागतो.

अक्कलदाढ काढावी लागली. निसर्गाने ती दिलीच कशाला? (इंदिरानगर)

तुमच्या फार जुन्या पूर्वजांना ती उपयोगी होती. कच्चं मांस, चिवट कंद चावायला रुंद जबडा लागायचा आणि त्यात तिसरी दाढ आरामात मावायची. मग विस्तव आला. दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत सुमारे १० लाख वर्षांपूर्वीची राख आहे. शिजलेल्या अन्नाला चावणं कमी लागतं आणि त्यातून ताकद जास्त मिळते. आपला मेंदू वजनाने शरीराच्या दोन टक्के, पण खातो वीस टक्के. त्याची भूक भागवण्यात चुलीचा वाटा मोठा असावा, असं मानणाऱ्यांत मीही आहे. जबडा लहान होत गेला, दातांची संख्या मात्र तीच राहिली. त्यात लहानपणापासून मऊ खाल्लं तर जबडा पुरता वाढतही नाही. तेव्हा नातवंडांच्या हातात कणीस द्या, ऊस सोलायला द्या.

शरीराची उत्क्रांती आणि संस्कृतीची उत्क्रांती यातला फरक सातवीच्या मुलांना कसा सांगू? (एक शिक्षिका, सिन्नर)

बाई, हा प्रश्न चारांत धरला नव्हता, पण सोडवेना. कागदाची होडी घ्या. निम्म्या वर्गाला नुसती तयार होडी दाखवा, निम्म्याला घडी घालणारे हात दाखवा. कोणाची होडी तरते ते मुलांनाच बघू द्या. अंगठा आईबापांकडून रक्तातून येतो, हातकुऱ्हाड तशी येत नाही. ती कोणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावी लागते. एका पिढीने शिकवायचं सोडलं तर कला संपते.

मग त्यांना चाळीसगाव तालुक्यातल्या पाटण्याला न्या, निदान नकाशावर. तिथे एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी निघाले, सुमारे २५ हजार वर्षांपूर्वीचे. कवचाच्या एका तुकड्यावर आडव्यातिडव्या रेघांची नक्षी कोरलेली आहे. पोट भरायला यातल्या कशाचीच गरज नव्हती. खानदेशात शहामृग होते हे ऐकल्यावर वर्ग गप्प बसणार नाही. त्या गोंगाटातच विचारा, एवढ्याशा मण्याला भोक पाडायला त्या माणसाला कोणी शिकवलं असेल?