माळ्यावरचा ड्रमसेट, हिरवे पडलेले सिंबल आणि चार्ली वॉट्स : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात रोलिंग स्टोन्स या ब्रिटिश रॉक बँडचा ड्रमर चार्ली वॉट्स आणि त्याचा १९५७ चा ग्रेच कंपनीचा ड्रमसेट यावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा नुसता पाऊस पडला. म्हणून या वेळचं अख्खं पान ड्रम्सलाच देऊन टाकलंय. तबल्याच्या शाईबद्दल विचारणाऱ्यांनी एक महिना दम धरा प्लीज.

प्रश्न : सर, मी कॉलेजला आहे, दोन वर्षं ड्रम्स शिकतोय. वॉट्सकडे एवढा पैसा, कुठलीही कंपनी नवाकोरा सेट फुकट दारात आणून ठेवेल, मग शेवटपर्यंत तो जुनाच का वाजवत बसला? हे नुसतं सेंटिमेंट आहे की साउंडमध्ये खरंच फरक असतो? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : दोन्ही आहे, पण आधी माणूस समजून घे मग सेटकडे येऊ. वॉट्स जन्मला १९४१ मध्ये लंडनला, आणि तो मुळात रॉकवाला नव्हताच, जॅझवेडा होता. साधारण चौदा वर्षांचा असताना त्याच्या हातात एक बॅंजो आला, तो काही वाजवायला जमेना, तर पठ्ठ्याने बॅंजोची मान काढून टाकली आणि उरलेला गोल भाग स्टँडवर ठेवून ब्रशने वाजवायला लागला, तो त्याचा पहिला स्नेअर, म्हणजे सेटमधला समोरचा चपटा मुख्य ड्रम. मग आईवडिलांनी सेट घेऊन दिला. पुढे आर्ट स्कूल, जाहिरात कंपनीत ग्राफिक डिझायनरची नोकरी, आणि जानेवारी १९६३ मध्ये स्टोन्स. ऑगस्ट २०२१ मध्ये गेला तोपर्यंत त्याच बँडमध्ये, म्हणजे ५८ वर्षं. बँड न बदलणारा माणूस ड्रमसेट कशाला बदलेल!

आता ग्रेचच का. सुरुवातीच्या काळात तो लुडविग कंपनीचा सेट वाजवायचा, कारण साठच्या दशकात लुडविगचीच हवा होती, बीटल्सच्या रिंगो स्टारला टीव्हीवर बघून निम्म्या जगाने लुडविग घेतला होता. पण वॉट्सचे देव वेगळे. मॅक्स रोच, आर्ट ब्लेकी, एल्विन जोन्स हे जॅझ ड्रमर, आणि हे सगळे ग्रेचवाले. ब्रुकलिनची कंपनी, १८८३ पासूनची. म्हणजे लहानपणी ज्यांच्या रेकॉर्ड ऐकत ब्रश फिरवला त्यांच्या कंपनीचा आणि त्यांच्याच काळातला सेट त्याने पुढे हाती धरला आणि कितीतरी दशकं स्टोन्सच्या स्टेडियमच्या टूरला तोच नेला. साध्या मेपल रंगाचा, २२ इंची बेस ड्रम (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), वर एकच टॉम (काठीने वाजवायचा छोटा ड्रम). बाकीचे रॉक ड्रमर दोन दोन बेस ड्रम आणि टॉमची भिंत उभी करून मागे दिसेनासे होत होते, तेव्हा हा गृहस्थ पन्नास हजार लोकांसमोर जॅझ क्लबात मावेल एवढा सेट घेऊन बसलेला.

आवाजाचं म्हणशील तर त्या काळच्या ड्रमचं कवच, म्हणजे गोल लाकडी अंग, पातळ असायचं, आणि हेड (ज्यावर काठी पडते तो ताणलेला पडदा) जिथे टेकतं ती लाकडाची कड आजच्यासारखी धारदार नसून जरा गोलसर असायची. कड गोल म्हणजे हेड लाकडावर जास्त टेकतं, त्यामुळे टणटण कमी आणि आवाज ऊबदार, लवकर बसणारा. त्यात ग्रेचचे ओतीव रिम, म्हणजे हेडभोवतीच्या धातूच्या कड्या, ते जड असतात, हेडला घट्ट धरतात. आणि १९५७ हे सालही मजेशीर आहे बरं का, प्लास्टिकचं म्हणजे मायलरचं हेड बाजारात यायला लागलं ते याच सुमाराला, रेमो कंपनी १९५७ चीच. त्याआधी वासराचं कातडं. म्हणजे हा सेट बनवणाऱ्या कारागिराच्या कानात बहुतेक कातड्याचाच आवाज असणार आणि वॉट्सने आयुष्यभर त्यावर प्लास्टिक वाजवलं!

पण खरं सांगू, अर्धा साउंड हाताचा असतो. वॉट्सचा एखादा जुना लाइव्ह व्हिडिओ लाव आणि उजव्या हाताकडे बघ. डावा हात स्नेअरवर पडतो तेव्हा उजवा हाय-हॅट (स्टँडवरची सिंबलची जोडी) मारतच नाही, उचलला जातो. म्हणजे बॅकबीटला (चारातल्या दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला) स्नेअर एकटा वाजतो, त्याला मोकळी जागा मिळते. स्टोन्सची गाणी मला स्वतःला तेवढी भावत नाहीत पण त्या उचललेल्या हातासाठी मी तासभर बघत बसतो. हे तू १९५७ च्या ग्रेचवर कर नाहीतर क्लासमधल्या फुटक्या सेटवर कर, जमलं तर जमलं.

आणि सेंटिमेंटचा मुद्दा. वॉट्स जबरदस्त कलेक्टर होता. गाडी चालवता येत नसताना विंटेज गाड्या घेऊन ठेवायचा, १९६७ पासून टूरवर ज्या ज्या हॉटेलात झोपला तिथल्या बेडचं स्केच काढायचा. जुन्या जॅझ ड्रमर्सचे सेटही गोळा केले होते, ड्यूक एलिंग्टनच्या बँडमधल्या सनी ग्रीअरचासुद्धा. पण ते सेट ठेवायचे होते आणि ग्रेच वाजवायचा होता, ही दोन खाती त्याने कधी मिसळली नाहीत. ग्रेच ट्रकमध्ये चढला, उतरला, घामाने भिजला. मला तर वाटतं त्या सेटवर त्याचा जीव होता याचा सगळ्यात मोठा पुरावा हाच, की तो काचेच्या कपाटात गेला नाही.

प्रश्न : पप्पा लग्नाच्या आणि क्लबच्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे. ते गेले, सेट माळ्यावर पडून आहे. परवा खाली काढला तर झांजा (सिंबल) हिरव्याकाळ्या झाल्यात, ड्रमचं क्रोम गंजलंय. आई म्हणते दिवाळी आलीच आहे, देवाच्या भांड्यांबरोबर पितांबरी लावून लख्ख करून टाकू. करू का? विकायचा नाहीये, भाचा वाजवेल म्हणतोय. — एक वाचक, वसई

उत्तर : ताई, आईंना माझ्यातर्फे हात जोडून सांगा, देवाची भांडी घासा, सिंबलला हात लावू नका! चिंच नको, लिंबू नको, पितांबरी नको, राख तर अजिबातच नको.

कारण सांगतो. चांगले सिंबल पितळेचे नसतात, कांशाचे असतात, ८० टक्के तांबं आणि २० टक्के कथील, आपले टाळ-झांजा ज्या कुळातले त्याच कुळातले. पृष्ठभागावर बारीक बारीक गोल चऱ्या दिसतील, लेथवर पाडलेल्या, एखाद्या ग्रामोफोन रेकॉर्डवर असतात ना तशा. वर्षानुवर्षं त्या चऱ्यांत मळ आणि ऑक्साइडचा थर बसतो आणि तो थर वरचा चरचरीत आवाज थोडा दाबतो, म्हणून जुना सिंबल काळसर, मऊ वाजतो. पुष्कळ ड्रमर नेमक्या याच आवाजासाठी जादा पैसे मोजतात. तुम्ही घासलंत की तो आवाज गेला, शिवाय कंपनीचा शाईचा लोगो पुसला जाईल तो वेगळाच. कोमट पाणी, दोन थेंब भांड्यांचा सौम्य साबण, मऊ फडकं, चऱ्यांच्या दिशेने गोल गोल पुसायचं आणि लगेच कोरडं करायचं. हिरवा थर जिथे खरंच खरखरीत पापुद्र्यासारखा झालाय तेवढ्यापुरतं जरा जास्त वेळ, बास. बोटांचा घाम धातूवर राहतो म्हणून भाच्याला कडेने धरायला शिकवा.

ड्रमचं काम जास्त आहे. सगळे हेड, रिम, लग (कवचावरचे धातूचे तुकडे, ज्यांत रिमचे स्क्रू बसतात), स्क्रू काढा, आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा नाहीतर कुठला स्क्रू कुठला यावरून घरात महाभारत होईल. गंजलेले स्क्रू जोर लावून फिरवू नका, तेलाचा थेंब सोडून रात्रभर ठेवा. लगच्या आत छोटी स्प्रिंग असते ती उडून कपाटाखाली जाते, तर चादर अंथरून बसा. आत लाकडावर कुठे शिक्का, तारीख, कागदाचं लेबल दिसलं तर त्यावर ओलं फडकं फिरवायचं नाही, तोच सेटचा जन्मदाखला. बाहेरचा धातूचा बिल्लाही बघा. जुन्या ग्रेचवर गोल बिल्ला असतो, मधोमध हवा जायचं भोक, आणि आतून कवचाला चंदेरी रंग. लुडविगवर साठच्या दशकात कीस्टोन (कमानीच्या मधल्या दगडाच्या) आकाराचा बिल्ला, १९६३ च्या अखेरीपासून त्यावर सीरियल नंबर. आपल्याकडे माझ्या बघण्यात प्रीमियरचे सेट जास्त आलेत, ती इंग्लंडची कंपनी.

काही सापडलं नाही तरी हरकत नाही. १९९१ च्या आधी आयातीवर एवढे निर्बंध होते की बाहेरचा सेट मिळवणं म्हणजे दिव्य, त्यामुळे मुंबईत जे सेट होते ते एका वादकाकडून दुसऱ्याकडे फिरले, स्पेअर पार्ट मिळेना म्हणून एकाचा टॉम दुसऱ्याचा स्टँड असं चालायचं. गोवेकर, पारशी, ईस्ट इंडियन वादकांनी ही वाद्यं क्लबपासून सिनेमाच्या रेकॉर्डिंगपर्यंत जगवली. आर. डी. बर्मनकडे वाजवणारे फ्रँको वाझ आठवा, कर्सी लॉर्ड आठवा. तुमच्या पप्पांच्या सेटमध्ये तीन कंपन्यांचे तुकडे निघाले तर लाजू नका, तो त्या काळचा नॉर्मल सेट आहे.

परत माळ्यावर टाकायचा नाही. वसईची हवा दमट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर आत बुरशी येणारच, सुती कापडात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका, जमिनीला टेकवू नका. हेड काढून नुसतं कवच वर्षानुवर्षं ठेवू नका, वाकडं होतं, दोन्ही बाजूंना हेड लावून हलका ताण असू द्या. जुन्या काही ड्रमचं कवच एक केसभर मोठं असतं, त्यावर आजचं हेड अडकत बसतं, अशा वेळी कुणी सुतार म्हणेल की घासून बसवतो, तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. वेगळ्या कंपनीचं हेड लावून बघायचं. आणि काहीही झालं तरी नवीन भोक पाडायचं नाही.

प्रश्न : राइड सिंबलला (सतत ताल धरायचा मोठा सिंबल) कडेला दीड इंचाची चीर गेलीये. गावात चांगला वेल्डर आहे, करून घेऊ का? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : नको. कांसं ठिसूळ असतं, वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचं पाणीच उतरतं, जोडाच्या शेजारी नवीन चीर जाते आणि आवाज मेलेला तो मेलेलाच. चीर जिथे संपते त्याच्या किंचित पुढे बारीक भोक पाडा म्हणजे ती सहसा तिथेच थांबते. आणि स्टँड तपासा. मधल्या दांड्यावर प्लास्टिकची नळी आहे का, वर-खाली फेल्टची (जाड नमद्याची) चकती आहे का? नळी नसली की धातूवर धातू घासून मधलं भोक लांबट होतं, आणि वरचा नट कचकचून आवळला की सिंबलला झुलता येत नाही, सगळा मार कडेवर येतो.

प्रश्न : इथे एका जुन्या ड्रमच्या दुकानात २२ इंची ‘ओल्ड के’ सिंबल आलाय, इस्तंबूलचा. किंमत ऐकून बायकोने जेवण वाढायचं बंद केलंय. एवढं काय आहे त्यात? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : झिल्डजियन हे आर्मेनियन घराणं, कॉन्स्टँटिनोपलचं, कंपनीचं साल १६२३. त्यातली एक पाती अमेरिकेत गेली, तिथला कारखाना १९२९ मध्ये मॅसॅच्युसेट्सला सुरू झाला. पण ‘के’ शिक्क्याचे सिंबल सत्तरच्या दशकाच्या शेवटापर्यंत तुर्कस्तानातच हातोड्याने ठोकून बनत राहिले आणि अमेरिकेत ते आणायचं कोण, तर वरच्या उत्तरातली ग्रेचच! म्हणून जुन्या जॅझ रेकॉर्डवर ग्रेच आणि के ही जोडी सारखी ऐकू येते. तो कारखाना बंद पडल्यावर तिथलेच कारागीर अगोप आणि मेहमेत यांनी इस्तंबूल नावाने काम चालू ठेवलं, १९९६ मध्ये अगोप गेले आणि त्याच्या दोन कंपन्या झाल्या. इकडे अमेरिकेतल्या झिल्डजियन भावांचंही बिनसलं आणि त्यातून १९८१ मध्ये कॅनडात साबियन निघाली. इस्टेटीची भांडणं काय फक्त आपल्याकडेच असतात असं नाही.

आता तुमचा सिंबल. हाताने ठोकलेला म्हणजे एकासारखा दुसरा नाही, त्यामुळे जुने के सगळेच देखणे वाजतात हे झूठ आहे, काही चक्क पातेल्याच्या झाकणासारखे वाजतात. नावावर जाऊ नका. वजन ग्रॅममध्ये विचारा, कडेवरून नख फिरवून बारीक चिरा बघा, मधलं भोक लांबट झालंय का बघा, कुणी मागाहून रिव्हेट (खिळ्यासारखे धातूचे तुकडे) मारून काढलेत का बघा. मग स्वतःची काठी घेऊन जा आणि दुकानदाराला सांगून निवांत वाजवा, आधी हळू, हळू वाजवतानाच चांगला राइड ओळखू येतो, काठीचा ‘टिक’ स्पष्ट आणि खाली धुरकट गुंजन. जोरात मारल्यावर सगळेच भारी वाटतात. आवडला तर अगोप किंवा मेहमेत यांचा आजचा एखादा सिंबलही शेजारी ठेवून ऐका, कदाचित जेवण परत सुरू होईल.

प्रश्न : फ्लॅटमध्ये राहतो, शेजाऱ्यांनी सोसायटीत तक्रार केलीये. वीस वर्षांचा सेट विकून इलेक्ट्रॉनिक घ्यावा का? मन होत नाहीये. — एक वाचक, ठाणे

उत्तर : मन होत नाहीये तर विकू नका, परत घ्यायला जाल तेव्हा तोच सेट मिळणार नाही. जाळीचे हेड मिळतात ते चढवा, भोकांचे कमी आवाजाचे सिंबल मिळतात ते लावा, बेस ड्रममध्ये जुनी रजई कोंबा आणि सेटखाली जाड रबर मॅट टाका, कारण खालच्या मजल्यावर त्रास होतो तो बेस ड्रमच्या पायाच्या पेडलच्या धक्क्याचा. नेहमीचे हेड-सिंबल पिशवीत भरून ठेवा, गिग (कार्यक्रम) असेल तेव्हा चढवायचे. आणि सोसायटीला लेखी वेळ देऊन टाका, संध्याकाळी सहा ते सात, दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत बंद.